टी-शर्ट राहू द्या, काटा तपासा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कर्मचारी सुटीच्या दिवशी एकसारखे टी-शर्ट घालून पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर धान्याची पाकिटे वाटायला जातात. एका पक्षाला हा निव्वळ फोटोचा कार्यक्रम वाटतो, दुसऱ्याला भूकनिर्मूलनाची चळवळ. माझे भांडण दोघांशीही आहे.

पहिल्या पक्षाचा लाडका आक्षेप असा, की कंपन्या हे सारे दोन टक्क्यांच्या सक्तीपोटी उरकतात. सक्ती आहे, हे खरे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि सातव्या परिशिष्टात भूक, दारिद्र्य, कुपोषण यांचे निर्मूलन अगदी पहिल्या कलमात आहे. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशात मोल करून ते या खर्चात दाखवता येत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयानेच केला आहे. म्हणजे रविवारची झोप मोडून सावळ घाट ओलांडणाऱ्या फिटरचे तास कंपनीच्या हिशेबात शून्य. शिवाय सातपुरात कारखाना असलेल्या महिंद्राने कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचा ‘इसॉप्स’ कार्यक्रम सुरू केला तो २००५ मध्ये. तेव्हा ही सक्ती जन्मालाही आलेली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अन्न हा हक्क आहे, तो सरकारकडून मिळवायचा, दानाने हक्काची धार बोथट होते. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देऊ केले आहे, तेव्हा जबाबदारी कोणाची याबद्दल वाद नाही. पण दानाने धार बोथट होते हे कशावरून? ६ मार्च २०१८ रोजी नाशकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. वनहक्काबरोबर रेशनकार्डाचा प्रश्नही त्यांच्या मागण्यांत होता. मुंबईत लोकांनी त्यांना जेवण दिले, पाणी दिले, चपला दिल्या. डबेवालेही पुढे आले. त्या घासांनी मोर्चा थंडावला नाही. १२ मार्चला सरकारकडून लेखी आश्वासन घेऊनच माणसे परतली. दोन वर्षांनी टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून चालत निघालेल्या मजुरांचे रेशनकार्ड गावी होते आणि पोट इथे. १ मे २०२० च्या रात्री नाशिक रोडहून भोपाळला विशेष गाडी सुटली, पण तोवरचे पाच आठवडे हक्काची वाट पाहा असे त्यांना कोण सांगणार होते? भुकेल्याला आधी सिद्धान्त वाढणारे स्वतः जेवून आलेले असतात.

आता दुसरा पक्ष. पाकिटे मोजून ‘इतक्या घरांची भूक भागवली’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुले महाराष्ट्रात २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५.६ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीतही ती २५.६ टक्केच, त्यातली तीव्र प्रमाणातली ९.४ वरून १०.९ वर गेली. याच वर्षांत दोन टक्क्यांचा पैसा राज्यात वाहत होता. दोष सगळा कंपन्यांचा नाही, पण श्रेयही इतक्या घाईने घेऊ नये.

पाकीट कुठे फसते ते पाड्यावर कळते. पेठ-सुरगाण्याच्या भुकेला हंगाम आहे. भात-नागली घरात आली की काही महिने बरे जातात. दिवाळीनंतर घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात, लेकरे बरोबर जातात आणि त्यांची नावे मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात राहतात. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागते. ज्या दिवशी पाकिटे वाटतात तो कंपनीचा स्थापनादिन मात्र संस्थापकाच्या सोयीने येतो. जानेवारीत पाकीट पाड्यावर पोचते, तेव्हा दाराला कुलूप असते.

मग या माणसांनी करायचे काय? आपला धंदा सोबत न्यायचा. ज्या कारखान्यात एका व्हर्निअरचे कॅलिब्रेशन राहिले तर ऑडिटला उत्तर द्यावे लागते, तिथला क्वालिटीचा माणूस अंगणवाडीत जाऊन केळी वाटतो! त्याच्या डोक्यावरच मुलांचे वजन करायचा काटा टांगलेला असतो. तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तीव्र कुपोषणाच्या गटातले मूल कागदावर मध्यम गटात जाते आणि ग्राम बालविकास केंद्रातल्या जादा आहाराला मुकते. तो काटा तपासणे हे केळ्यापेक्षा मोठे अन्नदान आहे. स्टोअरवाल्याला आधी आलेला माल आधी काढायची सवय असते. आश्रमशाळेच्या कोठीत ती उपयोगी पडेल. कॉम्प्युटरवाल्याने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे रेशनकार्डाचे ई-केवायसी करून द्यावे, म्हणजे निफाडच्या दुकानातही त्यांना धान्य उचलता येईल. आणि हे सर्व अंगणवाडी सेविकेला शिकवायला जाऊ नये. तिला विचारायला जावे. पाड्यावरच्या प्रत्येक पोराचे वजन तिला तोंडपाठ असते.

एक गोष्ट गेटच्या आतलीही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कँटीन चालवायला लावली. त्या कँटीनमध्ये कंत्राटी पोराला कायम कामगाराच्याच दरात ताट मिळते का? जिथे मिळत नाही, तिथल्या साहेबांनी सुरगाण्याची गाडी काढण्याआधी हा हिशेब चुकता करावा.

तेव्हा सातपूर, अंबड, सिन्नरच्या मंडळींना एकच विनंती. पुढच्या स्थापनादिनाच्या टी-शर्टची ऑर्डर देण्याआधी पेठ किंवा सुरगाण्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा. किती अंगणवाड्यांचे काटे बंद आहेत आणि किती मुले द्राक्षबागांवर गेली आहेत, एवढेच विचारा. ती यादी घ्या आणि वर्षभर त्याच गावांत जात राहा.