दुसऱ्यांदा दारात जाताना



मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावात शिलाई मशीन घेऊन बसलेली आपली एखादी ताई डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारीत पलीकडच्या गल्लीतली बाई विचारून जाते, "चौदा एप्रिलले पोराईचे पांढरे सदरे शिवाचे हायेत, किती घेशीन?" ताई भाव सांगते. बाई म्हणते, "पाहू, कापूस इकला का सांगतो." गोष्ट तिथेच संपते. पुढे कापूस विकला जातो, हातात पैसे येतात आणि सदरे तालुक्याच्या बाजारातून तयार येतात. ताई म्हणते, गिऱ्हाईक गेले. खरे म्हणजे ताईच परत गेली नाही.

हा आळस नव्हे. आपल्या आजा-पणज्यांनी भाकरीसाठी दारोदार उभे राहण्याचा अपमान सोसला. ती गुलामगिरी तुटावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडले. त्या अपमानाची आठवण अजून आपल्या अंगात आहे. म्हणून वाटते, एकदा सांगितले, आता पुन्हा कुणाच्या दारी कशाला जायचे? पण ताई हात पसरायला जात नाही. तिच्याकडे कसब आहे, आणि भाव त्या बाईनेच विचारला होता.

बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. त्यांची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. जातीपायी जाणारे गिऱ्हाईक आपल्याला रोखता येत नाही. आपण विसरलो म्हणून जाणारे मात्र रोखता येते.

त्यासाठी एक शंभर पानी वही पुरे. पाच रकाने आखा: नाव, काय हवे, सांगितलेला भाव, त्यांचे उत्तर आणि पुन्हा भेटायची तारीख. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी तारखांचा रकाना पाहा.

चौथा रकाना नीट वाचा. "कापूस विकल्यावर" असे उत्तर असेल, तर दुसऱ्याच दिवशी जाऊ नका. त्यांचा माल गेल्यावर चार-आठ दिवसांत जा. सोबत कापडाचा नमुना न्या, मुलांची मापे तिथेच घ्या. ठरलेला भाव दारात बदलू नका. तीनदा जाऊनही "पाहू"च ऐकू आले, तर हसतमुखाने विचारा, "नको असेल तर मोकळेपणाने सांगा." नाही म्हटले तरी राग धरू नका. ते नाव जूनच्या पानावर उतरवा, कारण शाळा उघडल्या की गणवेश लागतातच.

आणि काम मिळाले की दिलेली तारीख पाळा. "उद्या देते" म्हणत आठ दिवस फिरवणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे. दारात परत जायची हिंमत अशा पाळलेल्या तारखांतूनच येते.