माया हवी, नियमही हवेत



ईस्टरआधीच्या लेंटच्या, म्हणजे उपवासाच्या दिवसांत इथे अमेरिकेत दर शुक्रवारी चर्चबाहेर ‘फिश फ्राय’ची पाटी लागते. त्या जेवणामागे बहुधा नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना असते. २००० ते २०२१ या काळात कार्ल अँडरसन तिचे प्रमुख, म्हणजे ‘सुप्रीम नाइट’ होते. शिक्षणाने वकील, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले, पुढे नागरी हक्क आयोगाचे सदस्य. त्यांच्या जागी आलेले पॅट्रिक केली हे नौदलाच्या विधी शाखेतले निवृत्त कॅप्टन.

धर्मकार्याच्या संघटनेला कायदेपंडित कशाला? उत्तर तिच्या जन्मातच आहे. १८८२ साली न्यू हेवनमध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी ती स्थापन केली. कमावता माणूस गेला की आयरिश स्थलांतरितांची घरे उघड्यावर पडत. अशाच एका पोरक्या मुलाचे पालकत्व फादरनी स्वतः कोर्टात जाऊन घेतले होते. म्हणून पहिल्यापासून प्रार्थनेच्या बरोबरीने विमाही आला आणि विम्यासोबत कायदाही.

अँडरसन यांच्या राजकारणाशी माझे जमत नाही. समलिंगी विवाहाविरुद्ध २००८ साली कॅलिफोर्नियात संघटनेने दहा लाखांहून अधिक डॉलर ओतले, ते मला पटलेले नाही. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात कामावर असताना मृत्यू पावलेल्या अग्निशामक व पोलिसांच्या कुटुंबांना संघटनेने काही दिवसांतच प्रत्येकी ३,००० डॉलर देऊ केले, तेही धर्म न विचारता. व्यवस्था आधीपासून उभी असली, तरच मदत इतक्या लवकर पोचते.

आपल्या मराठी मंडळात दुःखाची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन फिरते, डबे जातात, पैसेही जमतात. मात्र ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्या घरी मदत जास्त. शिवाय नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईचा इथे राहण्याचा हक्कच त्याच्या मृत्यूने धोक्यात येतो. त्या आठवड्यात तिला डब्याइतकीच वकिलाची गरज असते.

गणपती आणि दिवाळी आपण नेटकी करतो. तोच नेटकेपणा अशा मदतीतही दाखवू या. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत संकट निधीचा ठराव मांडायचा विचार आहे: ठरलेली वार्षिक वर्गणी, लेखी नियम, तपासलेले हिशेब. सभासदांतल्या वकिलांनी आणि हिशेबनिसांनी मसुद्यासाठी आपली नावे सभेआधी कार्यकारिणीकडे द्यावीत.

आपला,
संपादक