बोटीचा पत्ता

अमेरिकेत लहान बोट बाळगणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. बोट मरीनातल्या भाड्याच्या गाळ्यात (तिकडे त्याला ‘स्लिप’ म्हणतात) पाण्यातच बांधून ठेवावी, की ट्रेलरवर घालून घरी आणावी आणि हवी तेव्हा मोटारीमागे जोडून न्यावी? वाद बहुधा पैशांपासून सुरू होतो आणि पैशांपाशीच संपतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. मुळात तिथल्या लोकप्रिय कथासाहित्याने या वादात एक बाजू केव्हाच घेऊन टाकली आहे, म्हणून हा लेख.

जॉन डी. मॅकडोनल्ड यांच्या ट्रॅव्हिस मॅगी या नायकाला १९६४ पासून २१ कादंबऱ्यांत एकच पत्ता आहे: फोर्ट लॉडरडेल, बाहिया मार मरीना, स्लिप एफ-१८. पत्त्यांच्या डावात जिंकलेली ‘बस्टेड फ्लश’ ही बोट हेच त्याचे घर. त्याचा अर्थशास्त्रज्ञ मित्र मेयर जवळच ‘जॉन मेनार्ड केन्स’ नावाच्या बोटीवर राहतो. वाचकांना हा गाळा इतका खरा वाटला की १९८७ मध्ये तिथे फलक बसवला गेला. अंगणातल्या ट्रेलरवरच्या बोटीला असे भाग्य लाभल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पण हा पुरावा फसवा आहे. ‘बस्टेड फ्लश’ ५२ फुटी. तिकडे साडेआठ फुटांहून रुंद बोट रस्त्याने न्यायला सहसा खास परवाना लागतो. तेव्हा मॅगीपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असतो तो वीस-बावीस फुटी बोटींचा.

असा प्रश्न जॉन स्टाइनबेक यांच्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या प्रवासवर्णनाच्या आरंभी आहे, फक्त तो कोणी त्या अंगाने वाचत नाही. १९६० च्या सप्टेंबरात डोना वादळ आले तेव्हा त्यांची २२ फुटी बोट घराजवळच्या पाण्यात नांगरलेली होती. नांगर सुटलेल्या दुसऱ्या बोटी तिच्यावर येऊन आदळल्या. साठीला टेकलेला हा लेखक वादळात उतरला, तिला सोडवून मोकळ्या पाण्यात नांगरून आला आणि एका तरंगत्या फांदीच्या आधाराने किनाऱ्याला लागला. आपण हा प्रसंग साहस म्हणून शिकवतो. मला त्यात पाण्यात बोट ठेवण्याची किंमत दिसते. शेजारची बोट कशी बांधली आहे, यावर आपल्या बोटीचे आयुष्य ठरते.

म्हणून बोटीवर राहायचे नसेल तर ती घरी आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाऱ्या पाण्याने ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगे खातात, दर खेपेला सगळे गोड्या पाण्याने धुवावे लागते, हे खरे. पण त्या निमित्ताने बोटीचे बूड दर खेपेला डोळ्यांखालून जाते. गाळ्यातल्या बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात ते मालकाला दिसतही नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते. आपल्या कोकणातही पावसाच्या तोंडावर होड्या ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात. पण तिथे होडी ओढायला माणसे बोलवावी लागतात. ट्रेलरला चरखी असते. ती फिरवायला एकटा माणूस पुरतो, आणि मेयरसारखा शेजारी त्याला घरच्या अंगणात कुठून भेटणार?