काचेवरची टकटक

मत्स्यालयात शिरले की माणसाचे बोट आपोआप काचेकडे जाते. पोरगे असो वा पोराचा बाप, मासा कोपऱ्यात तोंड घालून बसला असेल तर आपला उपाय एकच, टकटक! आता दुसऱ्या हातात मोबाइल असतो. मासा वळला की फोटो, फोटो झाला की पुढची टाकी. तासाभरात शंभर फोटो होतात. मासा मात्र एकही पाहिलेला नसतो.

मीही याच पंथातला. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय म्हणजे आमच्या लहानपणी मे महिन्यातला ठरलेला कार्यक्रम. एका सुट्टीत मामाचा फ्लॅशवाला कॅमेरा मागून घेतला आणि छत्तीस फोटोंचा अख्खा रोल तिथे संपवला. रोल धुवून आला तेव्हा घरात हशा पिकला. निम्म्या फोटोंत पांढरा लख्ख गोळा आणि उरलेल्यांत काचेत उमटलेला मी! मामाने रोलचे पैसे मागितले नाहीत, पण कॅमेराही पुन्हा दिला नाही.

चूक कुठे झाली, ते फार उशिरा कळले. समोरून मारलेला फ्लॅश काचेवर आपटून थेट भिंगात परत येतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा आणि भिंग काचेला जवळजवळ टेकवावे, म्हणजे मागच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडत नाही. कॅमेरा काचेसमोर सरळ धरावा. जाड काचेतून तिरके पाहिले की चित्र पुसट होते आणि कडांना रंग फुटतात. अंगात गडद सदरा असला तर उत्तम. एवढे झाले की उरते एकच काम, थांबणे. आपल्याला जड जाते ते नेमके हेच.

मध्यंतरी लेकीकडे सिंगापूरला गेलो असताना नातीबरोबर समुद्रघोड्याच्या टाकीपुढे वीस मिनिटे उभा राहिलो. शेपटीने गवताला विळखा घालून स्वारी निवांत होती. पाच मिनिटांनी नातीला दिसले, की त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात. मग पोटावरची पिशवी दिसली. या जातीत अंडी सांभाळतो तो नर, हे सांगितल्यावर तिने आपल्या बाबांकडे असे काही पाहिले, की विचारू नका! आपल्याकडे या प्राण्याला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे त्याची अशी निवांत भेट हा दुर्मीळच योग.

फ्लॅशने माशांचे डोळे जातात, असे आपण सरसकट म्हणतो. समुद्रघोडे आणि तळाशी राहणाऱ्या काही माशांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा झाल्याचे आढळले नाही. हे मासे सर्वांत जास्त बिथरले, ते फोटोसाठी त्यांना हात लावल्यावर, ढोसल्यावर. म्हणून काही फ्लॅशबंदीची पाटी धुडकावायची नाही. पण खरा अपराधी उजेडापेक्षा आपला उतावीळपणा आहे, एवढे त्यातून कळते. आणि काचेवरची टकटक ही काय, काचेआडून ढोसणेच की! माशाला आतले कान असतात आणि पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदनांची रेघ अंगभर असते. आपले टिचकी मारणे त्याला चांगलेच जाणवते आणि तिथून निघून जायला त्याला जागा नसते.

पुढच्या वेळी मुलांना मत्स्यालयात नेलेत, तर सगळ्या टाक्या पाहण्याचा हट्ट सोडा. एकच टाकी निवडा. हात खिशात ठेवा आणि दहा मिनिटे नुसते पाहा. मोबाइल त्यानंतर काढा. फोटो कदाचित एकच मिळेल. पण त्यातल्या माशाबद्दल घरी येऊन सांगण्यासारखे मुलांकडे काहीतरी असेल.