शिस्त पिल्लाला की आपणांला?

पावसाळा सरून थंडीचे दिवस आले की आमच्या गोव्यात वाड्यावाड्यांतून कुत्र्याची पिल्ले दिसू लागतात. शाळेतून परतणारी मुले त्यांतले एखादे उचलून घरी आणतात. आई दोन शब्द बोलते, आजी कपाळाला हात लावते आणि अखेर ते पिल्लू ओसरीवर राहते. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवसापासून ‘हे जिथेतिथे घाण करते’ ही तक्रार सुरू होते. मग त्याचे नाक त्या घाणीत घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, हे उपाय योजले जातात. तेवढ्यानेही भागले नाही, तर एखाद्या संध्याकाळी ते पिल्लू गोणपाटात घालून दूरच्या बाजाराकडे सोडून देण्यात येते. असला विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मुक्या जिवाला वळण लावताना माणसाच्या स्वतःच्या वळणाची परीक्षा होत असते, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पिल्लाची बाजू ऐकून घेऊ. जन्मानंतरचे पहिले दोनतीन आठवडे पिल्लाला आपण होऊन मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई जिभेने चाटून ते घडवून आणते आणि जागा स्वच्छ ठेवते. पुढे डोळे उघडले, पाय स्थिरावले, की ते निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. म्हणजे स्वच्छतेचा पहिला धडा ते आईच्या कुशीतूनच घेऊन येते. निजण्याची जागा म्हणजे केवळ आपले पोते नव्हे, तर स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंतचे सारे घर होय, एवढेच त्याला ठाऊक नसते. ते शिकविण्याचे काम आपले आहे.

हे काम अवघड नाही; मात्र त्यात खंड पडून चालत नाही. पिल्लू झोपेतून उठले, त्याचे खाणे झाले, खेळणे झाले, की त्याला लगेच परसातील एका ठरावीक जागी न्यावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन तासांहून अधिक काळ कळ सोसेल अशी अपेक्षाच धरू नये. जमिनीचा वास घेत ते गोल फिरू लागले, तर ती सूचना समजावी. योग्य जागी विसर्जन होताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि भाकरीचा एखादा तुकडा पुढे करावा. घरात परतल्यावर दिलेल्या शाबासकीचा त्याला अर्थ लागत नाही. घरात चूक घडलीच, तर जागा अशी धुवावी की वास उरणार नाही. अमोनिया असलेले द्रावण मात्र वापरू नये, कारण त्याचा वास मूत्रासारखाच असल्यामुळे पिल्लू पुन्हा तेथेच येते. मुसळधार पावसात परसात जाणे शक्य नसेल, तर पडवीच्या कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवावे.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांना विशेष लागू आहे. आजी कोकणीत ‘भायर’ म्हणते, शाळेत जाणारा नातू ‘बाहेर’ म्हणतो आणि त्याचा कॉलेजातला भाऊ ‘आऊट’ म्हणतो. तिन्ही भाषा आपल्याच. पण बिचाऱ्या पिल्लाला तिन्ही कशा कळाव्यात? घरातील सर्वांनी बसून एकच शब्द ठरवावा आणि तोच वापरावा. पिल्लाच्या निमित्ताने घरात एकवाक्यता आली, तर तो लाभच होय.

आता मारासंबंधी. ‘धाक असल्याशिवाय वळण लागत नाही’ असे पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांला हे मत मान्य नाही. तासाभरापूर्वीच्या चुकीबद्दल आता मार बसला, तर दोहोंचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. आपण दिसलो की मार बसतो, एवढेच ते शिकते आणि पुढे आपल्या नजरेआड, पलंगाखाली घाण करू लागते. ‘पाहा, त्याला चूक कळली, कसे अपराधी तोंड केले आहे!’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, कुत्र्याची ती मुद्रा त्याने काही केले की नाही यावर अवलंबून नसते. ती मालकाच्या रागावण्याने उमटते. निरपराध कुत्राही रागावल्यावर तसाच दिसतो.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाची कथा आहे. तेथे आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. हविर्द्रव्याकडे त्याने पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. सरमेने येऊन विचारले, माझ्या मुलाने काही अपराध केला नसता त्याला का मारलेत? त्या राजपुत्रांना उत्तर देता आले नाही. आम्हांलाही ते देता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. वर्गातून बाहेर पडलेल्या छडीने घराच्या ओसरीवर आसरा घ्यावा, हे शोभत नाही.

‘इतका वेळ कोणाला आहे?’ असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ज्या घरात दिवसभर कोणी नसते, त्या घराने पिल्लू आणूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगू. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी अशा पिल्लाच्या विक्रीस बंदीच केली आहे. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने अपराध ठरतो. शिवाय आणलेल्या पिल्लाला वेळेवर लशी टोचून घेणे हेही आपलेच कर्तव्य आहे. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले, ते अनेकांनी कुत्र्यांना नेमाने लस दिल्यामुळेच.

विद्यार्थिमित्रहो, पिल्लू आणण्यापूर्वी घरच्यांसमवेत बसून एक कागद घ्या. पहाटे त्याला बाहेर कोण नेईल, दुपारी कोण पाहील, रात्री निजण्यापूर्वी कोण उठेल, हे नावांनिशी लिहा. सगळ्या रकाने आईच्याच नावाने भरत असतील, तर पिल्लू आणू नका. तुमचे नाव त्यात असेल आणि परीक्षेच्या दिवसांतही ते खोडावे लागणार नसेल, तर खुशाल आणा. काही आठवड्यांत ते पिल्लू दाराशी जाऊन तुमच्याकडे पाहील. त्या वेळी हातातले पुस्तक खाली ठेवून तत्काळ उठा.