राज्याची सीमा ओलांडली तरच स्थलांतरित?

केंद्र शासनाच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर अमलात आल्या. वेतनविषयक संहिता २०१९ सालची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन २०२० सालच्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांनी आपल्यात सामावून घेतले. उद्योजकांनी केलेले स्वागत आणि बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांनी केलेला विरोध आपण वृत्तपत्रांतून वाचला असेलच. या संहितांचा विचार आम्ही येथे माळशिरस तालुक्यातील उसाच्या फडावरून करू इच्छितो. कायदा कोणाला कामगार म्हणतो आणि कोणाला स्थलांतरित, हा प्रश्न तेथे फार उघडा पडतो.

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने या तालुक्याचा मोठा भाग उसाचा झाला. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी येथे येऊन १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. पुढे अकलूज, श्रीपूर, सदाशिवनगर ही नावेही साखरेशी जोडली गेली. नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे तर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे मुक्काम. वाटसरूला भाकरी-पाणी देणे या गावांना नवे नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारा ऊसतोड मजूर पुढे पंढरपूरला जात नाही. तो फडाशेजारी खोप घालतो आणि पट्टा पडेपर्यंत तेथेच राहतो.

नव्या संहितेत आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी चांगल्या तरतुदी आहेत. पूर्वी कंत्राटदाराने आणलेला कामगारच या व्याख्येत बसत असे. आता स्वतःहून दुसऱ्या राज्यात जाऊन काम मिळवणाराही बसतो, मात्र त्याचे वेतन दरमहा १८,००० रुपयांहून अधिक नसावे. असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पात्र कामगाराला वर्षातून एकदा मूळ गावी जाण्या-येण्याचे भाडे एकरकमी द्यायचे आहे. शिधावाटपाचे धान्य मूळ राज्यात घ्यावे की कामाच्या राज्यात, हेही कामगाराने ठरवायचे. (१९७९ च्या कायद्यातील विस्थापन भत्ता मात्र या नव्या रचनेत उरलेला नाही. त्याची चर्चा फारशी झाली नाही.)

आता बीड जिल्ह्यातील एकाच वस्तीवरून दोन टोळ्या निघाल्या असे समजू. एक बेळगावकडे गेली, दुसरी माळशिरसला आली. काम तेच, खोप तीच, पहाटेची थंडी तीच. पहिली टोळी कर्नाटकात गेली म्हणून आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकते. दुसरी महाराष्ट्रातच राहिली म्हणून ठरत नाही. हा दोष १९७९ च्या कायद्यातही होता. चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर नवी संहिता लिहिताना तो दूर करण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वेतन संहितेनुसार किमान वेतन सर्व कामगारांना लागू आहे, वेतनपावती देणे बंधनकारक आहे आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. परंतु ऊसतोडणीचा व्यवहार उचलीवर चालतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली रक्कम तोडलेल्या टनांतून फिटत जाते. यात वेतन कोणते आणि कपात कोणती, हे कागदावर कोठे दिसणार? कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. मुकादम स्वतःच उचल घेऊन आलेला असतो. कंत्राटी कामगारविषयक तरतुदींची मर्यादाही २० वरून ५० कामगारांपर्यंत वाढली आहे, त्यामुळे लहान टोळीचा मुकादम त्या नियमांतून सहज निसटतो.

यात स्त्रीची स्थिती सर्वांत वाईट. पती-पत्नी मिळून एक कोयता मोजला जातो. हिशेब पुरुषाच्या नावे होतो. संहिता लिंगभेदाविना समान वेतन सांगते. पण जिचे वेतन वेगळे मोजलेच जात नाही, तिने समानता कशाशी ताडून पाहावी? एक दिवसाचा खाडाही परवडत नाही, म्हणून बीड जिल्ह्यात स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण विसरलेलो नाही.

राज्य शासन काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही झाली. पण कल्याण योजना आणि कायद्याचा हक्क यांत अंतर आहे. योजनेसाठी अर्ज करावा लागतो. हक्क नाकारला गेला तर दाद मागता येते. राज्यांतर्गत स्थलांतरितांना प्रवासभाडे, नोंदणी आणि ओळखपत्र यांचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने स्वतः करावा, अशी मागणी आपल्या आमदारांकडे करण्यास काय हरकत आहे?

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्राद्वारे न्याय्य वेतनाचा प्रश्न धर्मपीठावरून मांडला आणि मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव घेताना त्याच परंपरेची आठवण दिली. कामगार असलेला संत योसेफही सम्राटाच्या नावनोंदणीच्या फर्मानामुळेच गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला होता. नाताळात आपण गव्हाणी सजवतो तेव्हा माळशिरसला गाळप हंगाम भरात असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेने नियुक्तीपत्र द्यावे, असे संहिता सांगते. आपल्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालये येथेही स्वयंपाकी, शिपाई, चालक, सफाई कामगार आहेत. त्यांतील किती जणांच्या हाती असे पत्र आहे, याची पाहणी प्रत्येक धर्मग्रामाच्या समितीने येत्या बैठकीतच करावी.