आधी दोरा, मग सूत्र

पाचवीतल्या मुलाला आयताचे क्षेत्रफळ विचारले की ते 'लांबी गुणिले रुंदी' म्हणते. परिमिती विचारली तरी पुष्कळदा तेच उत्तर. दोष मुलाचा नव्हे. दोन्ही सूत्रे पाठोपाठ फळ्यावर येतात, हाताला काहीच लागत नाही. गोधडीच्या कडेला किती पट्टी लागेल ती परिमिती आणि गोधडी किती जागा झाकेल ते क्षेत्रफळ, एवढे घरीही सांगता येते.

चौकटीच्या कागदावर ६ बाय ६ सेंटिमीटरचा चौरस आणि १२ बाय ३ चा आयत काढायला द्यावा. दोन्हींचे क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटरच. कडेने दोरा फिरवला, तर चौरसाला २४ सेंटिमीटर पुरतो, आयताला ३० लागतो. इथे मूल थबकते. थबकू द्यावे; मोठ्यांना समजावण्याची फार घाई असते.

रुग्णालयात हा फरक रोजचा आहे. नवी त्वचा जखमेच्या कडेकडून आत सरकते, म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाची लांबट, अरुंद जखम गोल जखमेपेक्षा सहसा लवकर भरते. भाजलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र क्षेत्रफळच पाहावे लागते. बोटांसह त्या मुलाचा तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. भाजलेला भाग १० टक्क्यांहून अधिक असला, तर सहसा शिरेतून सलाइन द्यावे लागते. मोजणाऱ्याने स्वतःचा मोठा तळहात धरला, की टक्के कमी भरतात आणि सलाइनही कमी पडते.

आपला तळहात चौकटीच्या कागदावर गिरवून चौकटी मोजणे, अर्ध्या-अर्ध्या जोडून एक धरणे, हा गृहपाठ कुठल्याही शाळेला परवडेल. सूत्र महिन्याभराने आले तरी चालेल.